एक नाव, दोन गावे : शिरूर कासार ते कागवाड

सोमवार : पुणे ते शिरूर कासार

येत्या जनगणनेत प्रत्यक्ष माणसे मोजण्याचे काम फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार असून, २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतो ती मध्यरात्र तिची संदर्भवेळ ठरली आहे. साखर कारखान्यांचे गाळप तेव्हा ऐन भरात असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्याशिवाय, गावी परतत नाहीत. त्यामुळे देशातला प्रत्येक माणूस एकदाच आणि एकाच ठिकाणी मोजायचा, नेमक्या त्याच महिन्यात या जिल्ह्यातील लक्षावधी माणसांचे घर एका तालुक्यात आणि चूल दुसऱ्या तालुक्यात असते. अशा कुटुंबातील कोणी दोनदा मोजला गेला आहे का, हे जनगणनेनंतरच्या नमुना पाहणीत कोणत्या शब्दांत विचारावे, याची चाचणी घेण्यासाठी आमचा लहानसा गट जानेवारीच्या अखेरीस पुण्याहून निघाला. संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, समाजकार्याच्या दोन विद्यार्थिनी आणि मी, एवढेच आम्ही होतो. जनगणना १९४८ च्या कायद्यानुसार सरकारच करते. आमच्या कागदांचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता, आणि ही गोष्ट प्रत्येक उंबऱ्यावर सांगावी लागणार होती.

कागदावर पाहिले तर दुबार मोजणीला जागाच नाही. प्रगणक ज्या घरी जातो, तिथे नेहमी राहणारा आणि गणनेच्या काळात काही दिवस तरी तिथे असलेला माणूस त्या घरी मोजला जातो. नेहमी तिथे राहणारा परंतु त्या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस तिथून वगळायचा आणि तो जिथे सापडेल तिथे नोंदवायचा. २०११ मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी असा होता, २८ च्या रात्री बेघरांची मोजणी झाली आणि १ ते ५ मार्च या दिवसांत प्रगणकांनी पुन्हा फेरी मारून त्या दरम्यानचे जन्म-मृत्यू जुळवून घेतले. या नियमानुसार ऊसतोड मजूर कारखान्याच्या परिसरातील अड्ड्यावरच, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागीच, मोजला गेला पाहिजे. गावच्या यादीत त्याचे नाव येता कामा नये.

जनगणनेची परीक्षा घेणारी जनगणनोत्तर पाहणी आपल्याकडे १९५१ पासून होत आली आहे. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी निव्वळ गळती हजारी सुमारे २३ निघाली. निव्वळ म्हणजे सुटलेल्यांतून दुबार मोजलेले वजा करून उरलेला आकडा. प्राध्यापकांचे सारे म्हणणे या एका शब्दावर होते. सुटलेले आणि दुबार आलेले एकमेकांना झाकतात, आणि जे झाकले गेले ते सरासरीत दिसत नाही. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेचा दाखला त्यांनी शिरूरजवळ घोडनदी ओलांडताना दिला. तिथे निव्वळ फरक अवघा ३६ हजारांचा, जवळजवळ शून्य. पण त्या शून्याच्या पोटात सुमारे १ कोटी चुकीच्या नोंदी होत्या, त्यांपैकी ८५ लाखांच्या आसपास दुबार होत्या, आणि दुसऱ्या बाजूला दीड कोटीहून अधिक माणसे सुटलेली होती.

अहिल्यानगरला जेवून पाथर्डीमार्गे संध्याकाळी शिरूर कासारला पोहोचलो. सिंदफणेच्या पात्रात पाणी बेताचे होते. मुक्काम एका ओळखीच्या शिक्षकांच्या घरी होता, आणि त्यांनी पहिल्याच चहाला सांगितले की गावात आता म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि कुलपे एवढेच भेटेल.

मंगळवार : गावात

ते शब्दशः खरे होते. एका वस्तीवर ओळीने घरे बंद होती, आणि उघड्या घरांच्या ओसरीवर बसलेली माणसे बंद घरांच्याही वतीने बोलत होती. आमच्या कामाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण प्रगणकालाही हीच माणसे भेटणार.

आमची पद्धत साधी होती. मसुद्यातला प्रश्न आहे तसा वाचायचा, उत्तर लिहून घ्यायचे आणि मग विचारायचे, “हे उत्तर देताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? कुठली जागा होती?” प्रश्न लोकांना कळला की नाही हे “कळलं का?” असे विचारून कधीच समजत नाही, कारण त्याला सगळे होच म्हणतात.

सकाळचा बराच वेळ एका आजींकडे गेला. घरात त्या, त्यांचे यजमान आणि दहा वर्षांचा नातू असे तिघे होते. “आजी, घरात माणसं किती?” असे विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजून आठ सांगितली : आपण दोघे, दोन मुलगे, दोन सुना, बीडच्या वसतिगृहात राहून आठवीत शिकणारी थोरल्याची मुलगी आणि हा नातू. मुलगे-सुना कुठे आहेत असे विचारले, तर “कारखान्याला” हे उत्तर तत्काळ आले. मग ती चौघे सध्या या घरात राहतात असे म्हणायचे का, यावर त्या किंचित रागावल्याच. “घर हितं हाय, तर ऱ्हातील कुठं? तिकडं काय, कोपी हाय.”

कोपीत, म्हणजे अड्ड्यावरच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणे म्हणजे राहणे नव्हे, हा त्यांचा हिशेब पक्का होता, आणि तो मोडून काढणारे कोणतेही वाक्य आमच्या मसुद्यात नव्हते. पुढचा प्रश्न होता, “यांपैकी कोणाची नोंद आणखी कुठे झाली आहे का?” आजी उठून आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून मुलाचे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र आणि शिधापत्रिका घेऊन आल्या. ग्रामसेवकाकडून मिळालेले ओळखपत्र ही नोंद, शिधापत्रिकेवरचे नाव ही नोंद, कारखान्यावर मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत असते तीही नोंदच. जिथे नाव असल्याने काहीतरी मिळते, तिथे नाव असणे त्यांना स्वाभाविकच हवे होते. दोन ठिकाणी नाव सापडले तर एक कापतील, आणि नेमके इथलेच कापतील, ही भीती त्यांनी नंतर बोलून दाखवली.

मुलाखत संपवून आम्ही कागद आवरत असताना यजमानांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून धाकट्याला दीड वर्षांची मुलगी असल्याचे सांगितले. ती आठांत नव्हती. आजींना विचारले तर त्या हसल्या, “तिचं काय मोजायचं, ती अजून अंगावर पिती.”

दुपारी पंचायतीच्या एका माजी सदस्यांशी बोलणे झाले. तिथे प्रश्नाची भाषा अडचणीची नव्हती. त्यांना तो आमच्यापेक्षा चांगला कळत होता. ग्रामपंचायतीत लोकसंख्या १,५०० च्या आत असेल तर ७ सदस्य आणि त्यापुढे गेली तर ९, हे गणित त्यांना तोंडपाठ होते, आणि त्यांचे गाव नेमके त्या सीमेच्या आसपास होते. “माणसं कारखान्याला, पण गाव कागदावर तरी भरलेलं पाहिजे,” असे ते मोकळेपणाने म्हणाले. मला त्यात लबाडी दिसली नाही. सहा महिने ओस पडणाऱ्या गावाला बाकीचे सहा महिने पाणी, शाळा आणि रस्ता पूर्ण संख्येसाठीच लागतो. परंतु अशा माणसाला “दोनदा मोजले गेले का?” असे सरळ विचारणे व्यर्थ आहे, कारण त्याचे उत्तर प्रश्न ऐकण्याआधीच ठरलेले असते.

आजींच्या संमतीने धाकट्या मुलाचा फोन नंबर आणि अड्ड्याचा ठावठिकाणा घेतला. एकाच कुटुंबाची दोन टोके वेगवेगळी विचारायची, हाच या प्रवासाचा मूळ बेत होता.

बुधवार : बीड, मग दिवसभर रस्ता

सकाळी बीडला वसतिगृहाच्या अधीक्षिकांना भेटलो. वसतिगृह ही जनगणनेत संस्था म्हणून स्वतंत्र मोजली जाते, आणि फेब्रुवारीत मुली तिथेच असल्याने सगळ्यांची नावे हजेरीपटावरून द्यावीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे आजींची आठवीतली नात इथे मोजली जाणार, आजींच्या यादीतही ती आहेच. घरी तुझे नाव कोण सांगते, असे आम्ही त्या मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आजी सांगत असंल. मला कोण विचारतंय?” आपल्या दुबार मोजणीबद्दल आम्ही ऐकलेले सगळ्यांत नेमके उत्तर हेच होते.

पुढे पाटोदा, जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला असा लांबचा रस्ता. टेंभुर्णीच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागले आणि वेग बैलगाडीइतका झाला. रात्री उशिरा मिरज.

गुरुवार : शिरोळ तालुक्यातील अड्डा

टोळी पहाटेच फडात जाते, तेव्हा मुलाखती दुपारनंतरच होणार हे गृहीत धरले होते. कृष्णा-पंचगंगेच्या या काळ्या रानात गावाबाहेरच्या पडीक जागेवर कोप्यांची रांग होती. बांबूच्या चटयांची कमान, वरून ताडपत्री, दाराशी तीन दगडांची चूल आणि बाजूला विकायला काढलेल्या वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या. अड्ड्यावर दोन-चार लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी एक दहा-बारा वर्षांची मुलगी एवढीच होती.

मुकादम मोटारसायकलवर आले आणि त्यांनी आनंदाने वही दाखवली. प्राध्यापकांना या वहीची फार आशा होती, कारण गावच्या यादीशी जुळवून पाहण्यासारखी नावांची तयार यादी अड्ड्यावर फक्त तिथेच असते. वहीत प्रत्येक ओळीला एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, होती. ओळीत पुरुषाचे नाव, गाव, उचलीची, म्हणजे हंगामाआधी आगाऊ दिलेली, रक्कम आणि पुढे घरखर्चासाठी वेळोवेळी दिलेल्या खर्चीचे आकडे. बायकोचे नाव कुठेही नव्हते आणि मुलांचा तर प्रश्नच नव्हता. एकटा आलेला माणूस ‘अर्धा कोयता’ म्हणून लिहिलेला होता. गावाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसते ‘शिरूर’ होते. पुणे जिल्ह्यात एक शिरूर आहे, लातूरात शिरूर अनंतपाळ आहे आणि आमचे शिरूर कासार तिसरे. मुकादमांना संदिग्ध काहीच वाटत नव्हते, पण सांगलीत किंवा मुंबईत बसून नावे जुळवणाऱ्याला वाटले असते.

तीनच्या सुमारास टोळी परतली. आजींच्या धाकट्या मुलाने हातपाय धुतले, चहा मागवला आणि आम्हांला समोर बसवून घेतले. “भाऊ, इथं तुमची माणसं किती?” या प्रश्नाला उत्तर आले, “आम्ही चौघं. दोन कोयते.” त्याच्या पाठीमागे कोपीच्या कमानीला बांधलेल्या झोळीत त्याची मुलगी झोपली होती. विद्यार्थिनीने झोळीकडे पाहून पुन्हा विचारले, तेव्हा त्याने मुलीचे नाव मोठ्या कौतुकाने सांगितले, ती कारखान्यावरच जन्मली हेही सांगितले. विचारल्यावर सांगितले, एवढेच. विचारण्याआधी ती कोणाच्याही आकड्यात नव्हती. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत चार वर्षांपर्यंतच्या मुलांची निव्वळ गळती २.७९ टक्के निघाली होती. तिथली कारणे वेगळी असतील, पण लहान मूल हे मोजायचे माणूस आहे याची आठवण करून द्यावी लागते, हे तिथेही खरे दिसते.

मग मुख्य प्रश्न. “गावाकडे तुमचं नाव कुणी सांगेल का?” तो ठामपणे नाही म्हणाला. आई तिघांचीच नावे सांगेल, कारण आम्ही इथे आहोत हे तिला माहीत आहे, असे त्याचे म्हणणे होते. आईच्या यादीतली चार नावे आमच्या पिशवीत होती, परंतु ती त्याला सांगणे मुलाखतीच्या नियमात बसत नव्हते आणि आम्ही सांगितलीही नाहीत. तो खोटे बोलत नव्हता; आईही खोटे बोलली नव्हती. दोघांनी एकमेकांबद्दल केलेली अटकळ चुकीची होती इतकेच. थोरल्या सुनेने तेवढ्यात आपल्या दोन्ही मुलांची नावे ‘आमची माणसं’ म्हणून जोडली, एक गावी असलेला आणि एक बीडला असलेली, कारण तिला विचारलेला प्रश्न कुटुंबाचा वाटला होता, कोपीचा नव्हे.

या एका घरात नियम पाळला गेला तर नऊ नोंदी व्हायला हव्यात. दोन्ही टोकांनी जे आपणहून सांगितले ते तसेच उतरवून घेतले असते, तर चार प्रौढ दोनदा, नातू दोनदा, वसतिगृहातली मुलगी तीनदा आणि दीड वर्षांची एकदाही नाही असा हिशेब झाला असता. एकूण संख्या वाढलीच असती आणि तरीही एक मूल सुटले असते.

तारखांचा गुंता वेगळाच. चाचणीसाठी आम्ही “१ ते २० जानेवारी या काळात तुम्ही कुठे होतात?” असे विचारत होतो. तारीख कोणाच्या कामाची नव्हती. त्यांचा काळ खर्चीच्या वारावर, संक्रांतीवर आणि अड्डा हलवला त्या दिवसावर चालतो. “संक्रांतीच्या दिवशी रात्री कुठे झोपला होता?” याला क्षणात उत्तर मिळे, कोणाचे “फडातच, गाडी भरत होतो,” असे, तर कोणाचे मयतीसाठी गावी गेल्याचे. प्रत्यक्ष पाहणीत हा आधार मिळणे कठीण जाईल. २०२७ साली संक्रांत गणनेच्या बरीच आधी येते आणि महाशिवरात्र ६ मार्चला, म्हणजे गणना संपल्यावर. मधल्या दिवसांना लक्षात राहील असा सण नाही, तेव्हा प्रत्येक अड्ड्याला त्याचीच खूण शोधावी लागेल : फड कोणाचा होता, मशीन कधी बंद पडले, टोळी कुठून कुठे गेली.

शुक्रवार : म्हैसाळवरून कागवाड

मिरजेहून म्हैसाळ ओलांडले की थोड्याच वेळात कर्नाटक. बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही बीडच्या टोळ्या मोठ्या संख्येने येतात. कागवाड परिसरात मराठी सर्रास चालत असल्याने आमचे अडले नाही, पण तिथला प्रगणक कन्नड शाळेतला शिक्षक असेल तर त्याचे आणि बीडमधल्या आष्टीच्या बाईचे बोलणे कोण करून देणार, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. त्याचे उत्तर अड्ड्यावरच्या बायकांनीच दिले. पाहणीला म्हणून कोणी आले तर कोप्यांकडे फिरकत नाही, मुकादमाला विचारून जाते, असे त्यांनी सांगितले. आणि मुकादम काय सांगणार हे आम्ही आदल्या दिवशी वहीत पाहिले होते : कोयते.

इथे आम्हांला एक नवा प्रकार भेटला, जो मसुदा लिहिताना कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. एक जोडपे हंगामाच्या मध्यावर सांगलीकडच्या कारखान्यावरून इकडे आले होते, कारण तिथल्या मुकादमाशी उचलीवरून बिनसले. अशी हलवाहलव फेब्रुवारीच्या मध्यात झाली, तर ती माणसे गावी नव्हे, पण दोन अड्ड्यांवर दुबार मोजली जाऊ शकतात, आणि दोन अड्डे दोन राज्यांत असल्याने नावे जुळवण्याचे काम दुप्पट कठीण होईल. आमच्या प्रश्नात पर्याय फक्त ‘मूळ गाव’ आणि ‘सध्याची जागा’ असे दोनच होते. त्या बाईंनी दोन्हींवर नाही म्हटले आणि त्यांचे बरोबरच होते.

स्व-गणनेचाही विषय इथेच निघाला. या वेळी कुटुंबाला आपली माहिती स्वतः पोर्टलवर भरता येणार आहे आणि मिळालेला क्रमांक नंतर प्रगणकाला दाखवायचा आहे. अड्ड्यावरच्या एका तरुणाचा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. “सगळ्यांचं तोच भरून टाकील, आमचे आधार हायेत त्याच्याकडं,” असे तो सहज बोलून गेला. भाऊ पुण्यातून भरणार, आजी गावात सांगणार, मुकादम अड्ड्यावर सांगणार. क्रमांक भावाच्या मोबाइलमध्ये राहणार.

शनिवार : मिरज

लॉजच्या खोलीत पलंगावर सगळे कागद पसरून मसुदा नव्याने लिहिला. ‘दोनदा’, ‘दुबार’ आणि ‘नोंद’ हे शब्द पूर्णपणे काढले. पहिल्या दोन शब्दांनी माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि तिसऱ्याने तो पिशवी उघडतो. हो-नाहीचा प्रश्नही काढला, कारण दुबार मोजणीची माहिती ज्याची मोजणी झाली त्याच्याकडे नसतेच. ती त्याचे नाव सांगणाऱ्याकडे असते. त्याऐवजी प्रत्येक माणसाबद्दल वेगवेगळे विचारायचे ठरले : गेल्या संक्रांतीपासून हा माणूस कुठे-कुठे राहिला, त्या प्रत्येक जागी त्याच्याबरोबर कोण होते, आणि तिथे कोणी माणसे विचारायला आले असते तर याचे नाव कोणी सांगितले असते. जागांची संख्या मोकळी ठेवली. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारायचा नाही, हे ठळक अक्षरांत आले. “अंगावर पिणारे, झोळीतले, वसतिगृहातले कोणी राहिले का?” असा एक प्रश्न यादी संपल्यावर स्वतंत्र घातला. प्राध्यापकांना त्याची भाषा सरकारी कागदावर शोभणार नाही असे वाटत होते, पण विद्यार्थिनी हटल्या नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र एकमत झाले नाही. ‘नाव कोणी सांगितले असते’ हा प्रश्न अटकळीचा आहे, वस्तुस्थितीचा नाही, आणि पाहणीत अटकळ विचारू नये असे प्राध्यापकांचे मत. मला तो ठेवावासा वाटतो. उत्तर खरे मानण्यासाठी नव्हे, तर नावे जुळवणाऱ्याने पुढे कोणत्या दारी जायचे हे कळण्यासाठी. धाकट्याने ‘आई’ एवढे जरी म्हटले असते, तरी जुळवणारा त्या ओसरीपर्यंत पोहोचला असता. शेवटी प्रश्न कंसात टाकून ठेवला आहे. पट्टा पडल्यावर टोळ्या परततील, तेव्हा तीच घरे पुन्हा गाठून घरातल्या प्रत्येकाला तो एकेकट्याने विचारायचा, आणि किती जणांना आपले नाव कोण सांगते हे ठाऊक आहे ते पाहून तो ठेवायचा की काढायचा हे ठरवायचे.